ऐक्य झाले, हस्तांतरण राहिले: ब्रदरन मंडळी आणि सी.एन.आय. यांचे प्रकरण

२९ नोव्हेंबर १९७० हा रविवार होता. त्या दिवशी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सी.एन.आय. म्हणतो ते, अस्तित्वात आले. सहांपैकी एक होती ब्रदरन मंडळी. ३० सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच मंडळीच्या गुजरातेतील संस्थेबद्दल निकाल दिला: मालमत्तेपुरते बोलायचे तर विलीनीकरण कायद्याने कधी झालेच नाही. उपासना झाली, ठराव झाला, बिशप आले, पाळकांच्या डोक्यावर हात ठेवले गेले. तरी बंगले, शाळा, चर्चच्या इमारती आणि जमिनी होत्या त्याच संस्थेच्या नावावर राहिल्या.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी हे प्रकरण नीट वाचायला हवे. गुजरातेत लागू झालेला कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९५० चा आहे, आणि तोच आज आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने चालतो. ब्रदरन मिशनचे काम डहाणू आणि पालघरकडेही होते. त्याहून मोठे कारण वेगळेच आहे. आजच्या सेवेत चूक कुठे होते ते इथे उघडे पडते. पाळक आणि पुढारी उपासनेच्या बाजूने कसून तयारी करतात, दप्तराची बाजू मात्र ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. आणि ज्यांना विलीनीकरण पटलेले नाही त्यांच्याशी बोलायचे राहून जाते.

कोण कोणाला मिळाले

सहा मंडळ्या अशा: जुनी अँग्लिकन मंडळी, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट मंडळ्या, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रदरन. युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून झाले होते. अहमदनगर परिसरातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्याच वाटेने सी.एन.आय.मध्ये आल्या. सातवा भिडू अगदी दाराशी येऊन मागे फिरला. अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांनी १९७० मध्येच नकार दिला आणि पुढे त्यांची मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया वेगळी उभी राहिली. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. एवढ्या काळात देश स्वतंत्र झाला आणि दक्षिणेत सी.एस.आय. २७ सप्टेंबर १९४७ रोजी तयारही झाले.

ब्रदरन परंपरा या सगळ्यांत वेगळी होती, आणि ती कळल्याशिवाय पुढचे भांडण समजत नाही. १७०८ साली जर्मनीत श्वार्त्सेनाऊ येथे आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, तिथून ही मंडळी सुरू होते. छळ आणि गरिबी यांमुळे ते लोक पेनसिल्व्हेनियात गेले. १८९४ मध्ये विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन भारतात आले आणि बुलसार म्हणजे आजच्या वलसाडला त्यांनी ठाण मांडले. पुढे अंकलेश्वर, व्यारा, डांगमधले आहवा, इकडे डहाणू असे काम पसरले.

या मंडळीचे दोन विधी तिची ओळख होते.

पहिला बाप्तिस्मा. तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा ते करत नाहीत. स्वतः विश्वासाची कबुली देईल त्यालाच पाण्यात उतरवतात. उमेदवार पाण्यात गुडघे टेकून बसतो आणि पाळक त्याला पुढच्या बाजूला तीनदा बुडवतो: पित्याच्या नावाने एकदा, पुत्राच्या नावाने एकदा, पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा. मग पाण्यातच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. बाप्टिस्टांकडेही बुडवूनच बाप्तिस्मा देतात, पण सहसा एकदाच आणि मागच्या बाजूला. बाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण तीनशे वर्षे जपलेली खूण ज्याने स्वतःच्या अंगावर घेतली आहे, त्याला तो किरकोळ नाही.

दुसरा प्रीतिभोजनाचा. इतर मंडळ्यांत प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि प्याला. ब्रदरन मंडळीत त्याआधी तीन पायऱ्या आहेत. प्रथम आत्मपरीक्षण, मग योहानाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे एकमेकांचे पाय धुणे. पाण्याची परात आणि टॉवेल ओळीने फिरतात. ज्याने पाय धुतले तो पुसतो, उभा राहतो, समोरच्याला मिठी मारतो, आणि आता त्याचीच पाळी येते. त्यानंतर सगळे मिळून साधे जेवण आणि शेवटी भाकर व प्याला. पूर्ण विधीला दीड-दोन तास सहज लागतात. पाळक आणि सामान्य सभासद एकाच परातीशी वाकतात, आणि मंडळीतल्या कुणाशी अबोला असेल तर त्या रात्री तो टिकणे अवघड असते. ‘नवा करार हाच आमचा विश्वासांगीकार’ अशी या लोकांची जुनी धारणा आहे. अँग्लिकनांसारखी बिशपांची व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती.

अशा मंडळीला बिशप, प्रेस्बिटर (म्हणजे पाळक) आणि डीकन (त्यांचे सहायक सेवक) अशी त्रिस्तरीय रचना, छापील उपासनाक्रम आणि बालकांचा बाप्तिस्मा मानणाऱ्या लोकांसोबत एका घरात राहायचे होते.

नागपूरला जे चांगले झाले

योजना करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे अजिबात नाही. उलट सी.एन.आय.ची योजना या बाबतीत काळजीपूर्वक बांधलेली होती. बाप्तिस्म्याचे दोन्ही मार्ग समान मानले गेले: बालकाचा बाप्तिस्मा आणि पुढे समजत्या वयात कबुली, किंवा बालकाचे अर्पण आणि पुढे कबुलीसह बाप्तिस्मा. ज्या पाळकाच्या विवेकाला बालकाचा बाप्तिस्मा पटत नाही त्याने तो करावा अशी सक्ती नव्हती. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवायचे.

पाळकांच्या मान्यतेचा प्रश्न अधिक नाजूक होता. दक्षिणेत सी.एस.आय.ने सर्वांची सेवापदे आहेत तशी स्वीकारली आणि पुढच्या ३० वर्षांत पाळकपदाच्या नवीन दीक्षा बिशपांच्या हातून होत होत फरक आपोआप संपेल असे धरले. उत्तरेने थांबायचे नाही असे ठरवले. पहिल्याच दिवशी सर्व परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवायचे आणि जो काही उणेपणा असेल तो देवाने भरून काढावा अशी प्रार्थना करायची. ही पुन्हा दीक्षा आहे की नाही, हे मुद्दाम कुणी स्पष्ट केले नाही. ज्याला पुन्हा दीक्षा वाटते त्याने तसे समजावे, ज्याला वाटत नाही त्याने तसे. काही जण या संदिग्धतेला पळवाट म्हणतात. आमच्या मते ती शहाणपणाची होती, कारण तिने कुणालाही स्वतःची आधीची सेवा खोटी होती असे म्हणायला लावले नाही.

म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या बाजूने चाळीस वर्षे घासून-पुसून काम झाले होते. कच्चे राहिले ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी त्याचे स्वरूप एकच होते: वरच्या पातळीवर ठरले, खाली उतरले नाही.

ठराव कोणी केला, कोणासाठी केला

ब्रदरन मंडळीच्या जिल्हा सभेने विलीन होण्याचा ठराव केला. जिल्हा सभा म्हणजे स्थानिक मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सभा. प्रतिनिधीने मत दिले म्हणजे गावच्या मंडळीने दिले, असे तिथे गृहीत धरले गेले. मंडळीच्या कारभारात ही पद्धत नेहमीची आहे आणि रोजच्या कामाला पुरते. वार्षिक अंदाजपत्रक, पाळकांच्या बदल्या, अधिवेशनाची जागा हे सगळे असेच ठरते. संस्था बंद करून तिची मालमत्ता दुसऱ्याला देण्याला ती पुरत नाही.

गावात काय बदलते ते पाहू. कालपर्यंत ज्या मंडळीत वडीलजन आणि पाळक मिळून निर्णय घेत होते, तिथे आता स्थानिक पास्टोरेट कमिटी, धर्मप्रांताची डायोसिजन कौन्सिल आणि सगळ्यांच्या वर सिनॉड अशी उतरंड आली. पाळकाची नेमणूक आणि बदली बिशपांच्या कार्यालयातून होऊ लागली. अर्पणाचा ठरलेला हिस्सा धर्मप्रांताकडे जाऊ लागला. उपासनेत छापील प्रार्थना आणि प्रतिसाद आले. प्रीतिभोजनाला कुणी बंदी घातली नाही, पण बदलून आलेला पाळक अँग्लिकन किंवा प्रेस्बिटेरियन घडणीचा असेल तर त्याला पायधुणीची सवय नसते. एक वर्ष राहून जाते, मग दुसरे, आणि परात-टॉवेल कपाटात पडून राहतात. ऐक्याच्या योजनेत बाप्तिस्म्याचे कलम आहे, हे मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. मंडळी तुटण्याची सुरुवात बहुधा इथून होते आणि मालमत्तेचा प्रश्न त्यावर येऊन बसतो. खटल्याच्या कागदांत अर्थातच फक्त दुसरी गोष्ट दिसते.

विरोध करणारे होते. १९७० च्या दशकात त्यांनी आपली जुनी मंडळी चालूच आहे, आम्ही तिचेच सभासद आहोत, अशी भूमिका घेतली. एकाच गावात ब्रदरन नाव सांगणारे दोन गट झाले आणि दोघेही त्याच इमारतीवर हक्क सांगू लागले.

दोन कायदे, एकच संस्था

‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ ब्रदरन’ ही संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली होती. पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आल्यावर तिची त्याखालीही नोंद झाली. त्या कायद्यात सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) व्याख्या धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने नोंदवलेल्या सोसायटीला सामावून घेते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळ्यांची आजही हीच स्थिती आहे: सोसायटीचा एक क्रमांक, न्यासाचा दुसरा.

सोसायटी कायद्याचे कलम १२ दुसऱ्या संस्थेत मिसळण्याबद्दल आहे. त्याच्या पायऱ्या अगदी ठरलेल्या आहेत. प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या १० दिवस आधी पोचला पाहिजे. त्या सभेत तीन-पंचमांश मते पडली पाहिजेत. आणि तेवढ्यावर भागत नाही. एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तिथे हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी ते कायम केले पाहिजे. कलम १३ संस्था विसर्जित करण्याचे, तिथेही तीन-पंचमांश. कलम १४ सांगते की विसर्जनानंतर देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते, आणि कोणत्या संस्थेला ते सभासद तीन-पंचमांश मतांनी ठरवतात.

तीन-पंचमांश म्हणजे शंभरात साठ. १०० सभासद असतील आणि ५५ जणांनी बाजूने मत दिले तर साध्या बहुमताचा आनंद होतो, कायद्याची अट मात्र पाच मतांनी हुकते. दुसरी सभा घेतलीच नाही तर ९५ मतेही कमी पडतात.

न्यासाच्या कायद्यात वेगळी साखळी आहे. विश्वस्त, घटना, मालमत्ता यांत बदल झाला की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचे. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. दोन न्यास एकत्र करायचे असतील तर कलम ५०-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून एकत्रित योजना मंजूर करून घेता येते. स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची असेल तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक भाडेपट्ट्याने देण्यालाही तीच परवानगी लागते.

ठराव झाला होता, पण या दोन साखळ्या शेवटपर्यंत नेल्या गेल्या नाहीत. सी.एन.आय.ची भूमिका अशी होती की मंडळी ही सजीव देह आहे. ती सी.एन.आय.त आली म्हणजे तिच्यासोबत तिचे सगळे आले. आम्ही वेगळे कुणी नाही, आम्ही तीच मंडळी पुढे चालवतो आहोत. धर्माच्या भाषेत हे म्हणणे भक्कम आहे. पेरणारा आणि कापणारा वेगळा असला तरी शेत तेच, असे कुणीही पाळक म्हणेल. पण नोंदवहीत नाव असते ते संस्थेचे.

दोन निकाल

१९७० च्या दशकाच्या अखेरीस भरूचच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. सी.एन.आय. हीच जुन्या ब्रदरन संस्थेची वारस आहे असे जाहीर करा, ही मुख्य मागणी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर उत्तर दिले ते मागणीच्या गुणवत्तेवर नव्हते. न्यासाची मालमत्ता कोणती, तिचा कारभार कोणाकडे, हे प्रश्न विश्वस्त कायद्याने धर्मादाय यंत्रणेकडे सोपवले आहेत आणि कलम ८० दिवाणी न्यायालयाला त्यात पडू देत नाही. दार चुकले होते. हे कळायला पंचवीस वर्षे लागली.

दुसरा टप्पा धर्मादाय कार्यालयाच्या वाटेने वर गेला आणि २०१३ मध्ये संपला. न्यायालयाने नोंदवले की विलीन झालो असा ठराव करणे पुरेसे नाही. सोसायटी कायद्याप्रमाणे विसर्जन झाले पाहिजे, न्यासाची मालमत्ता कायद्याच्या पद्धतीने नव्या संस्थेकडे गेली पाहिजे. तसे झालेले नाही, म्हणून जुनी संस्था जिवंत आहे.

निकालाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी गफलत होते. सी.एन.आय.त गेलेले ब्रदरन लोक खोटे ठरले, असे त्यात कुठेही नाही. माणूस कोणत्या मंडळीत उपासना करतो हा त्याचा प्रश्न आहे, न्यायालय तो ठरवत नाही. उलट बाजूने, ‘तांत्रिक मुद्द्यावर हरलो’ असेही म्हणू नये. महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घ्या असे कायदा सांगतो, कारण पहिल्या सभेच्या उत्साहात गप्प बसलेल्या माणसाला घरी जाऊन विचार करून परत यायला वेळ मिळावा. ती अट पाळली असती तर विरोध किती आहे हे १९७० मध्येच समोर आले असते. अमेरिकेतल्या मूळ ब्रदरन मंडळीने पुढे सी.एन.आय. आणि वेगळी राहिलेली भारतीय ब्रदरन मंडळी, दोघांशीही नाते ठेवले. हा निर्णय निकालाच्या मागे धावत गेलेला नाही, आणि तो बरा आहे.

मध्ये सापडलेला पाळक

अशा वादात सगळ्यात कोंडी होते ती गावच्या पाळकाची. खटला मोठ्या नावांमध्ये चालतो, दर रविवारी सकाळी दार मात्र त्याला उघडावे लागते. किल्ली कुणाकडे, हा पहिला प्रश्न. त्यापाठोपाठ अर्पणाची पेटी. मंडळीच्या बँक खात्यावर सही करणारे दोघे वेगवेगळ्या गटांत असतील तर खाते गोठते आणि पाळकाचा पगार, वीजबिल, संडे स्कूलची पुस्तके सगळे अडकते. मग दोन खजिनदार दोन पावतीपुस्तके काढतात. इथून हिशेब कधीच जुळत नाहीत, आणि पुढे लेखापरीक्षक शेरा मारतो तो पाळकाच्या नावाने.

लग्नाचा प्रश्न त्याहून टोकदार. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये लग्न कोण लावू शकतो याची यादी आहे. बिशपांकडून दीक्षा मिळालेला सेवक आपल्या मंडळीच्या विधीप्रमाणे लग्न लावतो. इतर सेवकांना त्या कायद्याखालचा परवाना लागतो. पाळकाने गट बदलला किंवा त्याला मंडळीने काढले, तर तो आता कोणत्या पोटकलमात बसतो हे आधी तपासावे लागते. वधू-वरांना याची कल्पनाही नसते. पासपोर्टसाठी दाखला लागतो त्या दिवशी घोळ कळतो.

दफनभूमीत तर बोलायची सोय नसते. माणूस वारला की काही तासांत निर्णय हवा. आजोबा जुन्या मंडळीतले, नातू सी.एन.आय.त, कबर मात्र एकाच कुटुंबाची. अशा वेळी ज्या पाळकांनी ‘आधी माती होऊ द्या, वाद नंतर’ अशी लेखी समजूत दोन्ही गटांकडून आगाऊ घेऊन ठेवलेली असते, तिथे तमाशा टळतो. समजूत तोंडी असेल तर ऐन वेळी कुणीतरी ती मोडतो.

आणि प्रवचन. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये असे सांगितले आहे. वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंचे पाळक हाच उतारा वाचतात, समोरच्याला उद्देशून. हा उतारा पाळकाने वादाच्या काळात व्यासपीठावरून वाचूच नये, असे आम्हाला वाटते. तो दोन्ही गटांच्या चार-चार माणसांना एका टेबलाशी बसवून वाचायचा आहे, आणि नंतर लगेच मध्यस्थाचे नाव ठरवायचे आहे. लवाद किंवा मध्यस्थी यांनी किल्ली, वेळापत्रक, अर्पण, दफन हे प्रश्न सुटतात. न्यासाचा विश्वस्त कोण, हा प्रश्न सुटत नाही, तो धर्मादाय कार्यालयातच न्यावा लागतो. ही सीमारेषा आधीच सांगितली नाही तर मध्यस्थी फसली अशी ओरड होते.

आज महाराष्ट्रात एखादी मंडळी दुसरीत यायची असेल तर

असे प्रसंग आता वाढत आहेत. स्वतंत्र फेलोशिपचे संस्थापक पाळक म्हातारे होतात, मुलांना सेवेत यायचे नसते, आणि मंडळी एखाद्या मोठ्या संस्थेशी जोडून घेण्याचा विचार होतो. जुन्या मिशन मंडळ्यांतही दोन लहान पास्टोरेट एकत्र करण्याचे ठराव होतात.

पहिले काम प्रार्थनासभा बोलावण्याचे नाही. पहिले काम कागद जमवण्याचे: सोसायटीचे नोंदणीपत्र, मंजूर घटनेची प्रत, न्यासाचे परिशिष्ट १, आणि प्रत्येक जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. हे चार कागद शेजारी ठेवून नावे जुळतात का पाहायचे. बहुधा जुळत नाहीत. चर्चची इमारत परदेशी मिशनच्या जुन्या ट्रस्टच्या नावावर, पाळकाचे घर ‘अमुक मंडळीचे पंच’ यांच्या नावावर, दफनभूमी सरकारी पड जमीन, आणि शाळा वेगळ्याच शिक्षण संस्थेची, असे चित्र निघते. परिशिष्टावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्तांची नावे असतात, कारण मधले चेंज रिपोर्ट कुणी दाखलच केलेले नाहीत किंवा दाखल करून मंजूर करून घेतलेले नाहीत. ते आधी मार्गी लावल्याशिवाय पुढे गेलात, तर ज्यांनी विलीनीकरणाचा ठराव केला ते कायदेशीर विश्वस्त होते का, यावरच हरकत येते. या एका पायरीला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, आणि उत्साह इथेच ओसरतो. ओसरू द्यावा.

मग सभासदांची यादी. मंडळीच्या नोंदीत तीन प्रकारची माणसे असतात: बाप्तिस्मा झालेले, प्रभुभोजन घेणारे, आणि घटनेप्रमाणे मताचा अधिकार असलेले. तीन-पंचमांश कशाचे, हे तिसऱ्या यादीवर ठरते. मुंबई-पुण्याला गेलेली मुले, वर्गणी थकलेले, लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेल्या बहिणी यांचे काय, ते घटनेतल्या शब्दांप्रमाणे ठरवून यादी ठरावाच्या बऱ्याच आधी फलकावर लावावी आणि हरकती लेखी घ्याव्यात. यादी सभेच्या दिवशी दुरुस्त करू नये.

नोटीस पोच मिळेल अशा टपालाने जावी आणि पोचपावत्या फाईलला लागाव्यात. चर्चमध्ये जाहिरात वाचली, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली, हे चांगलेच, पण ते पुरावा म्हणून लंगडे पडते. सभेत हजेरीपटावर सह्या घेऊनच कामाला सुरुवात करावी. मतदान हात वर करून घेऊ नये, चिठ्ठीने घ्यावे. पाळक समोर उभा असताना नकाराचा हात वर करायला फार थोड्यांची तयारी असते, आणि तोच न दिलेला नकार पुढे दाव्याच्या रूपाने बाहेर येतो. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा लाडका शब्द टाळून बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती, हे आकडे लिहावेत. महिन्यानंतरच्या दुसऱ्या सभेलाही अगदी हीच शिस्त लागते. दोन्ही सभांची इतिवृत्ते त्याच आठवड्यात लिहून सही करून घ्यावीत.

त्यानंतर वकिलाचे काम सुरू होते: कलम ५०-अ ची योजना हवी की विसर्जन आणि कलम १४ चा मार्ग सोयीचा, ३६ ची परवानगी कोणत्या मिळकतींना लागते, दस्त नोंदवायचा का, शेवटी सातबाऱ्यावरचा फेरफार. धर्मादाय कार्यालयाचा आदेश हाती आला तरी तलाठी आणि सिटी सर्व्हे कार्यालयापर्यंत पाठपुरावा करणारा माणूस नेमून ठेवावा. आदेश फाईलमध्ये आणि उतारा जुन्याच नावाने, हे दृश्य फार ओळखीचे आहे. संयुक्त उपासना, बिशपांची भेट, फलकावरचे नवे नाव हे सगळे यानंतर. उलट क्रमाने गेलात की नागपूरनंतर जे झाले ते लहान प्रमाणात होते.

राहिला ज्यांनी ‘नको’ म्हटले त्यांचा प्रश्न. त्यांच्यासाठी एक लेखी करार वेगळा तयार करावा, विलीनीकरणाच्या ठरावाइतक्याच काळजीने. त्यात त्यांना दर रविवारी इमारत वापरता येईल अशी ठरलेली वेळ, दफनभूमीतला हक्क, जुन्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्यांचे उतारे विनाशुल्क मिळण्याची सोय, आणि त्यांच्या परंपरेचे जे विधी आहेत ते, म्हणजे ब्रदरन मंडळीच्या बाबतीत पायधुणी आणि प्रीतिभोजन, वर्षातून किती वेळा आणि कोणाच्या हातून होतील, हे नाव घेऊन लिहावे. विद्युत आणि पाणीपट्टीचा वाटाही लिहावा, कारण पहिले भांडण बहुधा बिलावरून होते. मुदत तीन वर्षांची ठेवून पुढे दोन्ही बाजूंनी पुन्हा बसायचे. या कराराची प्रत मतदानाच्या नोटिशीसोबतच, दहा दिवस आधी, प्रत्येक घरी गेली पाहिजे.